आवाजावर फुटलेले खापर

अमेरिकन चित्रपटसृष्टीने १९२७ ते १९३० या अवघ्या तीन वर्षांत मूकपट मागे टाकून बोलपटाचा स्वीकार केला, आणि या स्थित्यंतरात ज्या नटनट्यांच्या कारकिर्दी मोडून पडल्या त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक ठिकाणी एकच कारण पुढे केले जाते, ते म्हणजे त्यांचा आवाज पडद्याला मानवला नाही. या समजुतीचा सर्वांत ठळक दाखला म्हणून जॉन गिल्बर्ट या नटाचे नाव घेतले जाते. मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजेच एमजीएम, या कंपनीचा तो अत्यंत महागडा नायक होता, पहिल्याच प्रमुख बोलपटात त्याने प्रेमाचे शब्द उच्चारताच प्रेक्षागृहात हशा पिकला, त्याचा आवाज चिरका आहे हे त्या क्षणी जगजाहीर झाले आणि त्यानंतर तो सावरलाच नाही, अशी ही हकीकत आहे. ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला पुरावा मागण्याची गरज क्वचितच कोणाला वाटली. वस्तुतः गिल्बर्टचे बरेचसे बोलपट आजही उपलब्ध आहेत, आणि ते लक्ष देऊन ऐकणाऱ्याला या हकीकतीचा पायाच ठिसूळ असल्याचे दिसून येते. त्याचा आवाज मध्यम पट्टीतला, स्पष्ट आणि ऐकायला सुखद होता. त्याची कारकीर्द मोडली ती मूकपटाने घडवलेल्या एका विशिष्ट अभिनयपद्धतीचे मर्म न ओळखता तिच्या तोंडी शब्द कोंबले गेल्यामुळे, आणि ही चूक लक्षात आल्यावरही ती निस्तरण्याची आस्था त्याच्या मालकांनी न दाखवल्यामुळे.

गिल्बर्टचा जन्म १० जुलै १८९७ रोजी युटा राज्यातील लोगन या गावी झाला आणि त्याचे मूळ नाव जॉन सेसिल प्रिंगल असे होते. त्याचे आईवडील दोघेही फिरत्या नाटक मंडळ्यांतले कलावंत असल्यामुळे त्याचे बालपण रेल्वेच्या डब्यांत, भाड्याच्या खोल्यांत आणि रंगमंचाच्या विंगेत गेले. गिल्बर्ट हे आडनाव त्याला सावत्र वडिलांकडून मिळाले. पुढे ज्याच्या बोलण्याची जाहीर टवाळी झाली तो मनुष्य शब्दफेकीवरच ज्यांचे पोट चाले अशा लोकांत वाढला होता, ही बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. १९१५ च्या सुमारास तो निर्माता थॉमस इन्स याच्या कंपनीत किरकोळ भूमिका करू लागला आणि मग मोरिस तूर्नर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या हाताखाली त्याने पटकथालेखनाची आणि दिग्दर्शनातील साहाय्याची कामे केली. चित्रपट कसा रचला जातो याची ही आतून झालेली ओळख त्याला आयुष्यभर पुरली, आणि एका अर्थाने भोवलीही, कारण आपल्याला मिळालेले कथानक टाकाऊ आहे हे त्याला इतरांच्या आधी कळत असे व ते तो बोलूनही दाखवत असे. फॉक्स कंपनीत काही वर्षे काढून १९२४ मध्ये तो नव्यानेच स्थापन झालेल्या एमजीएममध्ये आला आणि वर्षभरात एरिख फॉन स्ट्रोहाइमच्या ‘द मेरी विडो’ आणि किंग व्हिडोरच्या ‘द बिग परेड’ या दोन चित्रपटांनी त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवले.

१९२५ चा ‘द बिग परेड’ हा पहिल्या महायुद्धावरचा चित्रपट न्यूयॉर्कच्या ॲस्टर थिएटरात ९६ आठवडे चालला. त्यात गिल्बर्टने जिम अ‍ॅपरसन या धनिकपुत्राची भूमिका केली असून, मित्रांच्या नादाने फौजेत भरती झालेला हा तरुण फ्रान्समधील एका खेड्यात मेलिसांद नावाच्या शेतकरी मुलीच्या प्रेमात पडतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. एका प्रसंगात जिम तिला च्युइंग गम कसे चघळायचे ते शिकवतो. तो स्वतः चघळून दाखवतो, तोंडातून लांबलचक तार ओढून दाखवतो, ती त्याचे अनुकरण करू पाहते आणि शेवटी गम गिळून टाकते. हा प्रसंग ऐनवेळी, चित्रण चालू असताना सुचलेला असून त्यात कॅमेरा जवळजवळ हलत नाही. गिल्बर्ट त्यात नायक म्हणून काहीही ‘करत’ नाही. तो तिच्याकडे पाहतो, तिची फजिती पाहून हसू आवरतो, आणि हसू आवरता आवरता आपण तिच्यात गुंतलो आहोत हे त्याच्या चेहऱ्यावर उमटत जाते. पुढे पलटणीला आघाडीवर जाण्याचा हुकूम मिळतो तेव्हा मेलिसांद त्याच्या मालमोटारीला लोंबकळत काही अंतर फरफटत जाते आणि तो मागे राहिलेल्या तिच्याकडे आपले घड्याळ, गळ्यातली साखळी आणि अखेर पायातला एक बूटही भिरकावतो. द्यायला हाताशी दुसरे काहीच उरले नाही म्हणून बूट फेकणारा हा शिपाई शब्दांत काय बोलला असता, याचा विचारसुद्धा प्रेक्षकाच्या मनात येत नाही.

मूकपटाच्या अभिनयाविषयीचा एक मोठा गैरसमज येथे दूर करायला हवा. मूकपट म्हणजे शब्द वजा केलेले नाटक, आणि त्यातील अभिनय म्हणजे शब्दांची उणीव भरून काढण्यासाठी केलेले हातवारे, असे अनेकदा गृहीत धरले जाते. प्रारंभीच्या, म्हणजे १९१० च्या आसपासच्या, चित्रपटांना ते काही अंशी लागू पडेलही, परंतु १९२५ पर्यंत या कलेने फार वेगळी वाट धरली होती. जवळून घेतलेल्या दृश्यात, ज्याला चित्रपटाच्या परिभाषेत क्लोजअप म्हणतात, नटाचे ओठ हलत आणि तो काही बोलतो आहे हे दिसे. पण नेमके काय बोलतो आहे ते मजकुराची पाटी दाखवून थोडक्यात सांगितले जाई किंवा बऱ्याचदा मुळीच सांगितले जात नसे. ते शब्द प्रेक्षक स्वतः पुरवत असे. हजार प्रेक्षकांच्या थिएटरात हजार प्रकारचे प्रेमाचे शब्द ऐकू येत असत, आणि त्यांतला प्रत्येक शब्द ज्याच्या त्याच्या मनाने आपल्या अनुभवातून किंवा आपल्या अपेक्षेतून काढलेला असे. प्रणयनायकाचे काम त्या न उच्चारलेल्या शब्दांना विश्वसनीय चेहरा देण्याचे होते. गिल्बर्ट या कामात श्रेष्ठ होता, कारण त्याच्या चेहऱ्यावर भावना येताना दिसे. ती आधीपासून तयार ठेवलेली आहे असे कधी वाटत नसे.

‘फ्लेश अँड द डेव्हिल’ या क्लॅरेन्स ब्राउन दिग्दर्शित चित्रपटात हे तंत्र परमोच्च बिंदूला पोहोचले. रात्रीच्या बागेत गिल्बर्ट आणि ग्रेटा गार्बो समोरासमोर आहेत, तिने आपल्या ओठांतली सिगारेट त्याच्या ओठांत ठेवली आहे आणि तो काडी ओढतो, एवढाच प्रसंग. छायाचित्रकार विल्यम डॅनियल्सने गिल्बर्टच्या तळहातात एक छोटा दिवा लपवला होता, त्यामुळे काडी पेटताच दोघांचे चेहरे अंधारातून उजळून येतात आणि ती काडी विझवते तेव्हा चुंबनाला अंधार मिळतो. या सबंध प्रसंगात बोलण्यासारखे काहीही नाही, आणि जे आहे ते बोलण्याने केवळ उणे झाले असते. ऑगस्ट १९२६ मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचा अकाली मृत्यू झाल्यावर अमेरिकन पडद्यावरील प्रणयनायकाची जागा गिल्बर्टकडे आली ती अशा प्रसंगांच्या बळावर. गार्बोबरोबरचे त्याचे प्रत्यक्षातले प्रेमप्रकरण जाहिरात खात्याने हवे तसे वापरून घेतले, परंतु त्या प्रकरणाच्या चर्चेने त्याच्या अभिनयाचे मोजमाप नेहमीच झाकोळून टाकले, ही त्याची दुसरी हानी होय.

ही अभिनयपद्धती ज्या वातावरणात फुलली ते वातावरणही विचारात घेतले पाहिजे. मूकपटाच्या चित्रणाच्या वेळी सेटवर व्हायोलिन किंवा ऑर्गन वाजवणारे वादक हजर असत आणि नटाचा भाव जागवण्यासाठी प्रसंगाला साजेसे सूर छेडत, दिग्दर्शक कॅमेरा चालू असताना नटाशी बोलत राही, त्याला चेतवी, सावरी. ध्वनिमुद्रण आले आणि हे सारे एका फटक्यात बंद झाले. वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट ६ ऑक्टोबर १९२७ रोजी प्रदर्शित झाला, मे १९२८ मध्ये एमजीएमसह बड्या कंपन्यांनी ध्वनियंत्रणेसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिकशी करार केले, आणि लवकरच सेटचे रूपांतर कडेकोट शांततेच्या खोलीत झाले. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून कॅमेरा आणि त्याचा चालक यांना एका बंद पेटीवजा खोलीत कोंडले जाई. सणसणत जळणाऱ्या कार्बनच्या दिव्यांऐवजी तापलेल्या तारेचे दिवे आले. मायक्रोफोन फुलदाणीत किंवा डोक्यावर टांगून लपवलेला असल्यामुळे नटाला त्याच्या टप्प्याबाहेर पाऊल टाकता येईना. त्या काळची यंत्रणा फार खालचे आणि फार वरचे स्वर नीट टिपत नव्हती व थिएटरातील कर्णे या दोषात आणखी भर घालत, त्यामुळे कोणताही हलका आवाज काहीसा पातळ होऊन बाहेर पडत असे. मात्र ही अडचण एकट्या गिल्बर्टची नव्हती, सर्वांचीच होती. जे उमेदीने उभे राहिले त्यांनाही हीच यंत्रे वापरावी लागली.

याच सुमारास गिल्बर्टच्या करारनाम्याचा प्रश्न निघाला, आणि त्याच्या पुढच्या दैन्याचे मूळ बरेचसे त्यात आहे. एमजीएम ही कॅलिफोर्नियात चित्रपट काढणारी कंपनी असली तरी तिची मालकी न्यूयॉर्कच्या लोव्ज या थिएटरसाखळीकडे होती. कॅलिफोर्नियातला कारभार लुई मेयर पाहत असे आणि न्यूयॉर्कची सूत्रे निकोलस शेंक याच्या हाती होती. लोव्जचे नियंत्रक भाग विल्यम फॉक्सला विकण्याचा बेत शेंकच्या मनात होता आणि कंपनीचे मोठे तारे बांधून ठेवल्याने त्या मालाची किंमत वाढणार होती. म्हणून १९२८ च्या अखेरीस, मेयरला बाजूला ठेवून, गिल्बर्टशी प्रत्येक चित्रपटाला अडीच लाख डॉलर या दराने सहा चित्रपटांचा करार करण्यात आला. हा दर डोळे दिपवणारा होता. पण गिल्बर्टला बोलपटात कसे आणायचे, कोणत्या प्रकारची भूमिका त्याला शोभेल, यावर कोणीही विचार केलेला नव्हता. शिवाय करार असा की त्याने काम केले किंवा न केले तरी पैसे द्यायचे आणि ज्या अधिकाऱ्याने त्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याला त्या करारात विचारलेलेच नाही. एवढी मोठी रक्कम आणि एवढा कमी जिव्हाळा या दोन गोष्टी एकत्र आल्या की कोणत्याही नोकराची जी अवस्था होते ती गिल्बर्टची झाली.

त्याचा पहिला बोलपट म्हणून टॉलस्टॉयच्या एका नाटकावर आधारलेला ‘रिडेम्प्शन’ तयार करण्यात आला, तो कंपनीच्या पसंतीस न उतरल्याने बाजूला ठेवला गेला आणि घाईघाईने ‘हिज ग्लोरिअस नाइट’ हा दुसरा चित्रपट उभा राहिला, जो १९२९ च्या शरदात आधी प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शन लायोनेल बॅरिमोर या ख्यातनाम नटाकडे होते, पण बोलपट दिग्दर्शित करण्याचा त्याचा अनुभव तुटपुंजा होता. कथानक फेरेन्ट्स मोलनार या हंगेरियन नाटककाराच्या ‘ऑलिम्पिया’ या नाटकावर बेतलेले होते. मूळ नाटकाची गंमत सरदारी समाजाच्या ढोंगावर केलेल्या खोचक विनोदात आहे. तो विनोद पातळ करून त्याजागी भडक प्रणयाची भाषा आणली गेली आणि गिल्बर्टला आपल्या प्रेयसीसमोर ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावले गेले. मूकपटात हेच वाक्य तो शंभर वेळा, न ऐकू येता, बोलला होता. ते ऐकू येताच प्रेक्षकाच्या मनात त्याच्या जागी असलेले आपापले शब्द हद्दपार झाले आणि तिथे पटकथालेखकाने खरडलेले एक सपाट वाक्य येऊन बसले. हसू आले ते या सपाटपणाचे. १९२९ मध्ये बोलपटांतील प्रणयप्रसंगांना प्रेक्षक हसतात अशी तक्रार इतर नटांच्या चित्रपटांबाबतही होत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे दोष कोणा एकाच्या गळ्यात नव्हता हे पटते.

समकालीन परीक्षणेही याच दिशेने बोट दाखवतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षकाने गिल्बर्टचा आवाज श्रवणीय असल्याचे नोंदवले होते, मात्र त्यात छटा कमी आहेत व अभिनयाला थोड्या मार्मिकतेची जोड हवी होती असा त्याचा आक्षेप होता. ‘व्हरायटी’ या चित्रपटव्यवसायाच्या पत्राने त्याच्या प्रणयाला विनोदी रूप आल्याची कडवट टीका केली, परंतु तिचाही रोख मुख्यतः संवादांकडे होता. ‘चिरका आवाज’ हे शब्द नंतरच्या आठवणींत आणि ऐकीव गोष्टींत मोठे होत गेले. त्याच वर्षीच्या ‘द हॉलिवूड रेव्ह्यू’ या संगीतमय चित्रपटात रंगीत चित्रणात टिपलेला एक प्रवेश आजही पाहता येतो. त्यात गिल्बर्ट आणि नॉर्मा शिअरर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधील सज्जातला प्रसंग आधी शेक्सपिअरच्या भाषेत आणि मग त्या काळच्या तरुणांच्या रस्त्यावरच्या बोलीत सादर करतात. पहिल्या भागात त्याची शब्दफेक ताठर आहे, प्रत्येक अक्षर घोटून म्हणण्याचा हट्ट कानाला जाणवतो. त्या दिवसांत स्टुडिओंनी नेमलेले वाणीशिक्षक रंगभूमीवरच्या ठाशीव उच्चारालाच सुसंस्कृत बोलणे समजत असत, त्याचा हा परिणाम असावा. दुसऱ्या भागात मात्र तोच मनुष्य, त्याच कपड्यांत, त्याच मायक्रोफोनसमोर, मोकळा होतो आणि त्याचे बोलणे खेळकर, चपळ, अगदी आजचे वाटते. दोन मिनिटांच्या अंतराने एका नटाचा आवाज बदलू शकत नाही. बदलला होता तो त्याच्या तोंडी दिलेला मजकूर.

याच्या उलट, ज्यांचे स्थित्यंतर नीट झाले त्यांच्या बाबतीत कोणती काळजी घेतली गेली हे पाहण्यासारखे आहे, कारण एमजीएमला हे काम जमत नव्हते असे मुळीच नाही. ग्रेटा गार्बोच्या इंग्रजीवर स्वीडिश छाप होती, म्हणून कंपनीने तिला तब्बल १९३० पर्यंत मूकपटांतच ठेवले आणि मग यूजीन ओनीलच्या ‘अ‍ॅना ख्रिस्ती’ या नाटकातली, जन्माने स्वीडिश असलेल्या आणि आयुष्याने पोळलेल्या स्त्रीची भूमिका तिच्यासाठी निवडली. तिचा उच्चार हा दोष न राहता त्या पात्राचा गुण झाला. लॉन चेनी या नटाच्या बाबतीतही कंपनीने घाई केली नाही. १९३० मध्ये त्याच्याच गाजलेल्या मूकपटाची बोलती आवृत्ती काढून त्यात त्याला अनेक आवाज काढण्याची संधी दिली. दुसऱ्या बाजूला सॅम्युएल गोल्डविन या निर्मात्याने रोनाल्ड कोलमन या नटाला ‘बुलडॉग ड्रमंड’मध्ये प्रणयाचे पाल्हाळ टाळून मिश्कील, संयत नायकाचे सोंग दिले आणि तो बोलपटाचा लाडका झाला. कोलमनचा आवाज मधुर होता यात शंका नाही, पण त्यालाही ‘हिज ग्लोरिअस नाइट’चे संवाद दिले असते तर तो तरला असता काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. गिल्बर्टसाठी कोणी अशी भूमिका शोधली नाही. ‘वे फॉर अ सेलर’मध्ये त्याला रांगड्या खलाशाच्या वेषात उभे केले गेले, ‘द फँटम ऑफ पॅरिस’ हा चित्रपट मुळात चेनीसाठी ठरला होता व त्याच्या मृत्यूनंतर गिल्बर्टच्या पदरी पडला.

या उपेक्षेमागे मेयरचा सूड होता, अशी एक जबरदस्त कथा प्रचलित आहे. किंग व्हिडोर आणि एलिनॉर बोर्डमन यांच्या सप्टेंबर १९२६ मधील विवाहाच्या दिवशी गार्बोही गिल्बर्टशी लग्न करणार होती, ती आलीच नाही, त्यावर मेयरने अश्लील शेरा मारला आणि गिल्बर्टने त्याच्यावर हात टाकला, तेव्हा मेयरने त्याला संपवण्याची धमकी दिली, असे बोर्डमनने पुष्कळ वर्षांनी सांगितले. गिल्बर्टच्या मुलीने वडिलांवर लिहिलेल्या चरित्रामुळे ही कथा सर्वत्र पसरली. याहून पुढे जाऊन ‘हिज ग्लोरिअस नाइट’मध्ये ध्वनितज्ज्ञांकरवी त्याच्या आवाजातला खर्ज मुद्दाम काढून टाकला गेला, असाही आरोप होतो. पहिली घटना घडली असेल किंवा नसेल, तिला एका साक्षीदाराच्या उशिराच्या आठवणीपलीकडे भक्कम आधार नाही; आणि दुसऱ्या आरोपाला तर त्या चित्रपटाच्या आवाजाचाच आधार मिळत नाही. शिवाय कारस्थानाची ही कथा आवाजाच्या कथेइतकीच सोपी आहे, कारण तिच्यात खलनायक सापडला की विचार थांबतो. प्रत्यक्षात सूडाची गरजच नव्हती. ज्या व्यवस्थेत नटाला भूमिका निवडण्याचा, दिग्दर्शक ठरवण्याचा किंवा करार मोडून बाहेर पडण्याचा अधिकार नसतो, त्या व्यवस्थेत त्याला बुडवण्यासाठी कोणी काही करावे लागत नाही, नुसते दुर्लक्ष केले तरी पुरते.

गिल्बर्ट स्वतः निर्दोष होता असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. तो आधीपासून भडक स्वभावाचा होता, पहिल्या अपयशानंतर त्याचे मद्यपान वाढत गेले, प्रकृती ढासळली आणि आत्मविश्वास इतका खचला की कॅमेऱ्यासमोर उभे राहणे त्याला अवघड वाटू लागले. तरीही त्याच्या हातून एक असे काम झाले की ज्यामुळे आवाजाचा प्रश्न कायमचा निकालात निघायला हवा होता. १९३२ चा ‘डाउनस्टेअर्स’ हा चित्रपट त्याच्या स्वतःच्या कथेवर आधारलेला होता. ही कथा त्याने बरीच वर्षे मनाशी जपली होती आणि प्रमुख भूमिका आपल्याला मिळावी एवढ्या अटीवर ती कंपनीला अवघ्या एका डॉलरला विकली. ऑस्ट्रियातील एका उमराव घराण्याच्या वाड्यात नोकरीला लागलेला कार्ल हा मोटारचालक बटलरच्या तरुण बायकोला नादी लावतो, म्हाताऱ्या स्वयंपाकिणीच्या आयुष्यभराच्या शिलकीवर डोळा ठेवतो आणि मालकिणीचे गुपित हाती लागताच तिलाच धमकावतो. पडद्यावरच्या महान प्रियकराने आपल्याच प्रतिमेची साल अशी सोलून दाखवल्याचे उदाहरण त्या काळात दुसरे नाही. कार्ल गोड बोलतो, आणि त्या गोडपणाच्या मागे चाललेला हिशेब गिल्बर्ट आवाजाच्या किंचित चढउतारातून दाखवतो. स्वयंपाकिणीशी बोलताना त्याचा स्वर मऊ, जवळजवळ लहान मुलासारखा लाडिक होतो. पैशाचा विषय निघताच वाक्ये आखूड होतात. आणि काम साधल्यावर त्याच्या बोलण्यात बेफिकिरीचा असा एक कोरडेपणा येतो की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. हे सर्व केवळ आवाजाने साधलेले आहे. हा नट आवाजामुळे संपला असे म्हणणाऱ्याने ‘डाउनस्टेअर्स’ पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे.

चित्रपट चालला नाही. गिल्बर्टला चाहत्यांनी ज्या रूपात मनात बसवले होते त्या रूपाची ही विटंबना त्यांना रुचली नसावी, शिवाय तोपर्यंत देश महामंदीच्या गर्तेत होता. सहा चित्रपटांच्या त्या कराराची मुदत १९३३ मध्ये संपली आणि त्याच वर्षी गार्बोने आपले वजन खर्च करून त्याला ‘क्वीन क्रिस्टिना’मध्ये स्पॅनिश राजदूत अँटोनिओची भूमिका मिळवून दिली, त्यासाठी इंग्लंडहून आणलेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएला परत पाठवण्यात आले. सरायीतल्या त्या प्रसिद्ध प्रसंगात गार्बो खोलीतल्या एकेका वस्तूला स्पर्श करत हिंडते आणि गिल्बर्ट तिच्याकडे पाहत राहतो, मधूनच ती काय करते आहे असे विचारतो. प्रसंग तिचा आहे. परंतु त्याच्या पाहण्याशिवाय तो उभा राहिला नसता, आणि च्युइंग गम गिळणाऱ्या मेलिसांदकडे पाहणारा आठ वर्षांपूर्वीचा शिपाई त्या नजरेत अजून शाबूत आहे. यानंतरही कंपनीने त्याला काम दिले नाही. मार्च १९३४ मध्ये त्याने व्यवसायाच्या एका वृत्तपत्रात जाहिरात देऊन, एमजीएम आपल्याला काम देत नाही आणि नव्या करारातून मोकळेही करत नाही, असे जाहीरपणे मांडले. एवढ्या मोठ्या नटाला आपली बेकारी पैसे मोजून छापून आणावी लागली, हे वाचताना मन विषण्ण होते. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीसाठी त्याने लुइस माइलस्टोनच्या ‘द कॅप्टन हेट्स द सी’मध्ये मद्यपी लेखकाची भूमिका केली, तीच अखेरची ठरली. ९ जानेवारी १९३६ रोजी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

मग आवाजाची दंतकथा एवढी का टिकली? तिचे एक कारण असे की ती सर्वांच्या सोयीची होती. तंत्रज्ञान हा निःपक्षपाती न्यायाधीश आहे आणि त्याने नालायकांना बाजूला सारले, असे म्हटले की वाईट पटकथा निवडणारे, घाई करणारे, करार केल्यावर माणसाला अडगळीत टाकणारे सगळेच सुटतात. १९५२ मध्ये ‘सिंगिंग इन द रेन’ या लोकप्रिय चित्रपटात पहिल्या बोलपटाच्या फजितीचा जो प्रसंग आहे, ज्यात नायक ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो आणि थिएटर हसून लोटपोट होते, तो गिल्बर्टच्या प्रसंगावरून घेतलेला मानला जातो. तो चित्रपट एमजीएमचाच होता. त्यात नायक मात्र सावरतो, आणि कर्कश आवाजाचे लांच्छन त्याच्या सहनायिकेच्या माथी मारले जाते. एक पिढी गिल्बर्टला विसरली होती, तिच्या पुढच्या पिढीला तो या विनोदातूनच कळला. दुसरे कारण अधिक साधे आहे. ‘ऑलिम्पिया’ नाटकाचे चित्रपटाचे हक्क पुढे पॅरामाउंट कंपनीकडे गेले आणि १९६० मध्ये त्यावर नवा चित्रपट निघाला, त्यामुळे ‘हिज ग्लोरिअस नाइट’ दशकानुदशके दूरचित्रवाणीवर किंवा ध्वनिचित्रफितीवर सहजपणे कोणाला पाहायलाच मिळाला नाही. ज्या पुराव्यावर एका कलावंताला दोषी ठरवले गेले तो पुरावाच कुलूपबंद राहिला आणि निकाल तेवढा तोंडी फिरत राहिला.

त्याच्या मूकपटांनाही काळाने फारसे सांभाळले नाही. व्हिक्टर श्यूस्ट्रमचा ‘द मास्क्स ऑफ द डेव्हिल’ हरवलेला आहे, ‘बार्डलिस द मॅग्निफिसंट’ तर सबंध नष्ट झाल्याचे मानले जात होते, तो २००६ मध्ये फ्रान्समध्ये सापडला, तोही एक रीळ कमी. तथापि अमेरिकेच्या कायद्यानुसार १९२९ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटांवरील हक्क १ जानेवारी २०२५ रोजी संपुष्टात आले असून ‘हिज ग्लोरिअस नाइट’ दाखवायला आता तेथे कोणाची परवानगी लागत नाही. ज्या संग्रहालयांकडे या चित्रपटाची प्रत आहे त्यांनी ती स्वच्छ करून खुली करावी, आणि चित्रपटाचा इतिहास शिकवणाऱ्यांनी ती ‘डाउनस्टेअर्स’च्या जोडीने विद्यार्थ्यांना ऐकवावी, गिल्बर्टच्या आवाजाविषयी एक शब्दही बोलण्यापूर्वी.